पेरूकडे उतार

"अहो, सपाट करू नका!" बाबा कारागिरावर खेकसले. परसात प्लास्टिकची हिरवळ अंथरण्याआधी तो मुरमावर रोलर फिरवत होता. बाबांनी तांब्याभर पाणी ओतलं; ते जागीच साचलं. "पाणी धावलं नाही, तर बॉल काय धावणार? पेरूच्या बाजूला उतार द्या."

चाळीस वर्षं बाबा गोल्फ क्लबात कॅडी होते. साहेबांची बॅग वाहायची, उतार ओळखून सांगायचा आणि ते बॉल मारताना खळग्यातला झेंडा काढून, हातात धरून बाजूला उभं राहायचं. कॅडीनं स्वतः खेळायचं नाही, असा तिथला नियम. म्हणून घर बांधताना मी परसातली ही जागा मोकळी ठेवली होती.

संध्याकाळी हिरवळ अंथरून झाली. मी बॉल ठेवून वळले, तर बाबा सवयीनं खळग्यातला झेंडा उपसून बाजूला उभे. "मार तू," म्हणाले.

"बाबा, आज झेंडा मी धरणार." मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि गोल्फची काठी पुढे केली.

त्यांनी काठी हातात घेतली. मग बॉलमागे उकिडवे बसले, उतार न्याहाळला आणि स्वतःलाच हळूच म्हणाले, "पेरूकडे ओढेल, साहेब. दोन बोटं उजवीकडे मारा."