जाळीसमोरचा रुमाल

"अहो, तापमानाचा काटा वर चाललाय!" स्टिअरिंगवरून कुमुदताई ओरडल्या.

त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आजच नवं इंजिन बसलं होतं. ते मावावं म्हणून बॉनेट आणि रेडिएटर त्यांच्या यजमानांनी, अण्णांनी, पुस्तकं वाचून घरीच घडवले होते. हेही इंजिन तापून गेलं, तर गाडी विकायचं ठरलं होतं.

"रेडिएटरच चुकलाय," हैबती मिस्त्री म्हणाला. "ताई, बंद करा. पुस्तकातून गाड्या होत नसतात, अण्णा."

इंजिन थांबलं, रेडिएटरमागचा विजेवरचा पंखा तेवढा घरघरत राहिला. आपलंच चुकलं असणार, अण्णांना वाटलं. तरी त्यांनी खिशातला रुमाल गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरला. पंख्याने तो आत ओढायला हवा होता. तो त्यांच्याच तोंडावर फडफडला.

"पंखा उलटा फिरतोय," ते पुटपुटले. कुणीच ऐकलं नाही. मग ते ओरडले, "हैबती, पंखा उलटा जोडलायस!"

मिस्त्रीने जीभ चावली, वायरींची अदलाबदल केली. इंजिन पुन्हा सुरू झालं. रुमाल जाळीला चिकटला. काटा लाल रेषेपाशी थरथरला, थांबला आणि खाली आला.

कुमुदताईंनी शेजारचं दार उघडलं. "बसा. घाटात भीती वाटली तर असंच ओरडा."