तळ

वडिलांनी टोपली अंगणात पालथी केली. आयुष्यभर समुद्रात बुड्या मारून त्यांनी शिंपले काढले, त्यावरच लेकीला शिकवलं. आज मात्र एकही शिंपला जिवंत निघाला नाही. सगळे उघडे, काळ्या चिखलानं भरलेले. "तळाशी खेकडे नाहीत, किडेसुद्धा नाहीत," ते म्हणाले. "तुमच्या कारखान्याचं पाणी साफ असतं ना गं?" समुद्रात सोडायचं ते पाणी कारखान्यात लेकच तपासायची. "हो, बाबा." त्यांचा लगेच विश्वास बसला. "मग माझीच नजर गेली असणार. म्हातारा झालो." ते टोपली मोडायला लागले, तेव्हा तिला राहवलं नाही. "नजर शाबूत आहे तुमची. तळच मेलाय, आमच्या पाण्यानं." वडिलांनी उठून फाटक लावून घेतलं. "बाहेर बोलू नकोस. आता घरात कमावणारी तूच."