तार गुंडाळलेली थ्री नॉट थ्री

पिक्चरमधी बंदूक दिसली की मी तिचं नाव सांगतो. चौसाळ्यात व्हिडिओ पार्लर चालवता चालवता शिकलो. पॉज करायचा, बोल्ट बघायचा, नळी बघायची.

इंग्रजांच्या फौजेतली एक थ्री नॉट थ्री रायफल मला सारखी दिसायची. दस्ता फुटलेला, त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. पिक्चर लढाईचा असो का दरोडेखोरांचा, तीच. ती ज्याच्यावर रोखली तो मेला. कवाच चुकली न्हाई.

एका दुपारी पार्लर रिकामं होतं. माझा दोस्त बद्रीनाथ बायको ईश्वरीला आन लग्नाची कॅसेट घेऊन आला.

"बघ बे, आमच्या लग्नात सापडती का तुझी तारवाली," तो म्हणला. वहिनी हसली.

पडद्यावर अक्षता पडत होत्या. मांडवाच्या खांबाआडून नळी बाहेर आली. मग दस्ता. तार.

मी पॉज दाबला.

"बंदूक कुनी आणलती बे?"

"कुनीच न्हाई." बद्री टीव्हीकडं वाकला. "माझ्यावर हाय का रं?"

मी टीव्हीच्या काचेवर बोटानं नळीची रेघ धरली.

"न्हाई. वहिनीवर."

बद्रीनं श्वास सोडला. मग बाकड्यावर तिच्यापासून जरा लांब सरकला.

वहिनीनं ते बघितलं. माझ्याकडं वळून हळूच म्हणली, "भाऊजी, असंच थांबवून ठेवा."

पण पॉज लई वेळ टिकत न्हाई. टेप घासू नये म्हणून मशीन आपणहून पुढं चालू होतं. मी बंद करायला हात नेला, तवर आतून खट् झालं आन अक्षता परत पडायला लागल्या.