बारा-तेराचा पाना

कांदे मोजायच्या काट्यावर रत्नमाला चप्पल काढून उभी राहिली. चपलेनं असा काय फरक पडणार होता, पण काढली. अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर भावाचं मोटरसायकलचं हेल्मेट. काट्याच्या लाल आकड्यांनी जरा विचार केला आणि ब्याण्णव दाखवले.

टाकळीच्या धरणावर जमलेली माणसं हसली. वाईट नाही, आपलं जत्रेत हसतात तसं.

"बघा ताई," काकासाहेब म्हणाले. बोटींची शर्यत त्यांच्या वाढदिवसाची होती, काटाही त्यांच्याच आडतीवरून आलेला. "मी माझ्या मनानं बोलत नाय. आमचा शिवम चोपन्न भरला. तुमची बोट चांगली, इंजिन त्याहून चांगलं. वर बसणारा हलका पाहिजे. आजच्या दिवस शिवमला चालवू द्या."

शिवम, त्यांचा पुतण्या, गॉगल लावून आधीच तिच्या बोटीत बसला होता.

रत्नमालानं भावाकडं पाहिलं. कडुबानं महिनाभर ते इंजिन खोलून-जोडून तयार केलं होतं. तो पाण्याकडं बघत म्हणाला, "अक्का, सकाळी तूच पाहिलंस ना. तू बसलीस की नाक वर अन् बूड पाण्यात. बोट पाण्यावर चढतच नाय. बाकीच्या सपाट पळतेत, आपली नांगर ओढल्यागत जाती."

"मंग?"

"मंग काय. पहिला नंबर आला तर आपल्या बोटीचंच नाव व्हईल."

"बोटीचं," रत्नमाला म्हणाली. "अन् रोज पहाटं जाळी बघायला बोट आपली आपणच जाती व्हय?"

तिनं चप्पल पायात सरकवली, कडुबाच्या मागच्या खिशातला बारा-तेराचा पाना उपसून घेतला आणि पाण्यात उतरून बोटीपाशी गेली.

"उठ रे बाळा. वजन कमी करायचंय."

शिवम उठला. आईच्या वयाच्या बाईनं उठ म्हटल्यावर तो नेहमीच उठत असावा.

शर्यतीतल्या सहाही बोटींच्या नाकावर आदल्या दिवशी काकासाहेबांच्या माणसांनी फ्लेक्स बसवले होते. हात जोडलेले काकासाहेब, खाली शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं. रत्नमालानं पहिल्या नटाला पाना लावला.

"ताई, त्याला हात लावू नका," काकासाहेब म्हणाले.

"वजन कमी करायचंय ना?"

"त्याला कसलं वजन? नुसतं कापड हाय."

"कापडच हाय. फ्रेम लोखंडाची हाय."

चारही नट सुटले. तिनं फ्रेम कवेत उचलली, काठावर आली आणि काट्यावर ठेवली. एकवीस किलो. परत गेली आणि सीटखालचा स्पीकर बॅटरीसकट उचलून आणला. सकाळपासून त्याच्यावर काकासाहेबांच्या वाढदिवसाचं गाणं चालू होतं. वायर निघाली तसं ते अर्ध्यात थांबलं. इतका वेळ पाण्याचा आवाज कुणाला ऐकूच आला नव्हता.

स्पीकर चौदा किलो भरला. आता कुणी हसत नव्हतं. कडुबा मनातल्या मनात आकडे जुळवत होता.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "तरी शिवमपेक्षा तीन किलो जास्तच व्हतंय."

"तेवढे माझे राहू दे."

काकासाहेबांनी माइक बाजूला धरला आणि साध्या आवाजात सांगितलं, "फ्लेक्स नसलेली बोट शर्यतीत धरायची नाय, ताई. हे आत्ताच सांगून ठेवतो."

रत्नमाला बोटीत चढून बसली होती. शेजारच्या बोटीतला सांडू मघापासून आपल्या फ्लेक्सकडं खालीवर बघत होता.

"अक्का," तो म्हणाला, "पाना दे की इकडं."

पाना तिच्या हातातच होता. तो दिला की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. बाकीचे हलके आणि ती एकटी ब्याण्णव. तिनं एकदा कडुबाकडं पाहिलं. कडुबानं मान हलवली, देऊ नको म्हणून.

"झेल," ती सांडूला म्हणाली.

पाना एका बोटीतून दुसऱ्या बोटीत फिरत गेला. शेवटची फ्रेम उतरून काट्यावरच्या ढिगावर पडली तेव्हा धरता येईल अशी एकही बोट काकासाहेबांकडं उरली नव्हती आणि सगळा बांध माणसांनी भरलेला होता. शिट्टी त्यांच्याच गळ्यात होती. त्यांनी ती वाजवली.

पाच बोटी नाक खाली घालून सुटल्या. रत्नमालाची बोट तेवढी नाक वर करून फेस काढत राहिली. बांधावर कुणीतरी म्हैस म्हणालं. तिला नाही, बोटीला म्हटलं असेल.

इंजिनाच्या दांड्याला तिनं पूर्वीच पाइपचा लांब तुकडा ठोकला होता, जाळी ओढताना पुढं वाकता यावं म्हणून. तो धरून ती सीटवरून उठली आणि गुडघ्यांवर पुढं सरकली. अजून पुढं. फ्लेक्स होता तिथं जाऊन तिनं सगळं अंग नाकावर टाकलं. ब्याण्णवच्या ब्याण्णव.

नाक थरथरलं. मग पाण्यावर आडवं झालं.

"चढली," कडुबा म्हणाला. आधी स्वतःशी, मग मोठ्यानं, आणि मग चढली चढली करत बांधावरून बोटीच्या बरोबरीनं पळत सुटला. त्याच्यामागं सगळी माणसं. त्यांच्यात गॉगल हातात धरून शिवमही.

मागं काट्यावर सहा काकासाहेब एकावर एक पडले होते, हात जोडून. लाल आकडा एकशे सव्वीसवर थांबला होता. तो बघायला तिथं सातव्या काकासाहेबांशिवाय कुणी नव्हतं.