परक्यांना बंदी

मामांनी टेलरच्या शेळीच्या गालफडात दोन बोटं घालून तिचा जबडा उघडला, जीभ बाजूला सारली आणि हिरड्या नीट न्याहाळल्या.

"आहे का काही? उगाच बभ्रा!" खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत ते म्हणाले. "हिला काही धाड भरलेली नाही."

टेलरचा जीव भांड्यात पडला.

मामा वस्तीतल्या एका विधवेचे भाऊ. बहिणीकडे राहायला आले आणि आख्ख्या वस्तीचे मामा झाले. त्यांच्याहून थोरली माणसंही त्यांना मामाच म्हणत. उभा जन्म शेळ्यांच्या दलालीत गेलेला. दात बघून वय सांगावं तर मामांनीच.

रोगाची आवई उठली तेव्हा लोक साहजिकच त्यांच्याकडे धावले. सरकारचा नियम कडक होता. एका शेळीच्या तोंडात फोड दिसले की त्या घरच्या सगळ्या शेळ्या मारून पुरायच्या. चार-सहा शेळ्यांवर ज्यांची चूल पेटते त्यांनी मग काय करायचं, हे नियम करणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"डाव आहे हा," मामा म्हणाले. "टेकडीपलीकडे कंपनीचा फार्म आहे ना? हजारांनी शेळ्या तिथे. एकीला तरी रोग झाला? रोग काय मालक बघून लागतो? आपल्याला उठवायचंय त्यांना."

ते स्वतः फार्मवर जाऊन आले होते. पहारेकऱ्याने फाटकावरूनच परत पाठवलं. आत काहीतरी शिजतंय, अशी तेव्हाच त्यांची खात्री पटली.

वस्तीने ठरवलं, सरकारी माणूस गोठ्यात घ्यायचा नाही. डॉक्टर नको, त्यांची लसही नको. शेळ्यांवर लक्ष मामा ठेवतील. मामांनीही अंग झटकलं नाही. सकाळ-संध्याकाळ ते घरोघर जात, एकेका शेळीचं तोंड उघडून बघत, चहाला नको म्हणत आणि पुढच्या दाराशी वळत. बहिणीच्या शेळ्या सगळ्यात शेवटी, सावकाश. नवऱ्यामागे तिने या शेळ्यांवरच दोन मुली शिकवल्या होत्या. शेळ्या गेल्या तर ती उघड्यावर पडणार, हे मामा ओळखून होते.

"दादा, आपल्या नाही ना रे नेणार?" ती विचारायची.

"मी असताना? हात तर लावू दे कुणाला!"

आधी रिटायर ड्रायव्हरची शेळी लाळ गाळू लागली. मग टेलरची. सरकारी गाडी आली आणि दोन्ही गोठे रिकामे करून गेली. टेलरची बायको नुसत्या खुंट्यांकडे बघत दिवसभर बसून राहिली.

"हौदात काहीतरी कालवतायत," मामा इतरांना म्हणाले. "नाहीतर डॉक्टरला अडवणाऱ्यांचीच घरं बरी सापडतात!"

हौदावर पहारा बसला. तरी रोग हटेना. मामांनी फेऱ्या वाढवल्या. आता ते दुपारीही जाऊ लागले.

आणि एका सकाळी बहिणीची तांबडी शेळी चाऱ्याला तोंड लावेना. ओठांवरून लाळेची तार लोंबत होती.

सरकारी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मामा दारात आडवे उभे होते.

"आत पाय टाकायचा नाही. आमचा घास काढून कंपनीच्या घशात घालायला निघालात!"

"मी इथेच थांबते," त्या म्हणाल्या. वयाने लहान होत्या, डोळे जागरणाने सुजलेले. "ताई, एवढंच सांगा. हा रोग लाळेतून पसरतो. एका गोठ्यातून दुसऱ्यात कुणीतरी तो नेतंय, तेच मी दारोदार विचारत फिरतेय. इतक्यात तुमच्या गोठ्यात कोण कोण येऊन गेलं?"

बहिणीने पदराने डोळे पुसले. भावाकडे बघून तिचा आवाज ताठ झाला.

"कुणी नाही! परक्याची सावली पडू दिली नाही आम्ही. फक्त आमचा दादा. सगळी वस्ती फिरून आला की तोच रोज आमच्या शेळ्यांची तोंडं उघडून बघतो."

डॉक्टरीणबाईंनी मामांकडे पाहिलं.

"रोग शिरलेल्या प्रत्येक घरात मला हेच उत्तर मिळालंय, मामा."