कपाटाची किल्ली

नव्या धोरणानुसार प्रत्येकाला सलग दहा दिवस सक्तीची रजा होती. कोणावाचून काम अडते आणि कोणावाचून नाही, हे कंपनीला पाहायचे होते. जुन्या करारांचे कपाट बावीस वर्षे सांभाळणाऱ्या मुख्य लिपिकाने निघताना त्या कपाटाची एकमेव किल्ली हळूच खिशात टाकली. करतील फोन झक मारत, तो मनाशी म्हणाला.

पाचव्या दिवशी त्याने फोन तिसऱ्यांदा बंद करून चालू केला.

"फोन चांगला आहे हो," बायको म्हणाली. "सकाळी मीच आतून लावून पाहिला ना? केवढे धावत आलात."

अकराव्या दिवशी तो तासभर आधीच कचेरीत पोहोचला. निदान कुलूप तरी तोडले असेल, अशी आशा त्याला वाटत होती.

कुलूप शाबूत होते.