पाण्याचा ग्लास

‘याला संकट नव्हे, संधी समजा,’ म्हणत नव्या मॅनेजरबाईंनी राजीनाम्याचा कागद आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

देवस्थळींना भरून आलं. वाक्य त्यांचंच होतं, ग्लास सरकवायची वेळही. एचआरमधल्या वीस वर्षांत त्यांनी शंभरेक माणसांना अशीच नवी दिशा दाखवली होती.

आता स्वतःची दिशा शोधत ते गेटबाहेर आले, तर समोरच इडलीची गाडी. गाडीमागे शिंत्रे. चार वर्षांपूर्वी त्यांनीच घरी पाठवलेला.

देवस्थळींच्या हातातलं सामानाचं खोकं त्यानं बघितलं. बाकडं पुसलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

‘संधी समजा, साहेब,’ तो शांतपणे म्हणाला. ‘चटणी वाटायला माणूस हवाच आहे. सहा महिने प्रोबेशन.’